शब्दचर्चा : भूमिपुत्र, कोटा आणि गुणवत्ता

(बोलणाऱ्यांची नावे त्यांच्या गोव्यातल्या गावांवरून.)

फोंडा : नमस्कार मंडळी. आमच्या उच्च माध्यमिकात वादस्पर्धा आहे. विषय ‘सरकारी शिष्यवृत्ती : वंश की गुणवत्ता?’ एका मुलीने मलेशियाचा दाखला घेतला आणि कागदावर ‘बुमिपुतेरा’ असे लिहून आणले. लाल पेन उचलले आणि थांबलो. चूक कसली, शब्द आपलाच! संस्कृतातला भूमिपुत्र समुद्र ओलांडून मलय भाषेत गेला. तिथे त्यात मलय लोक आणि साबा-सारावाक या राज्यांतले मूळ रहिवासी येतात. मलेशियाच्या घटनेचे 153वे कलम हा शब्द वापरत नाही, पण याच समाजांसाठी सरकारी नोकऱ्या, परवाने आणि शिष्यवृत्त्या यांत वाटा राखायला सांगते. 1969च्या दंगलीनंतर 1971 साली नवे आर्थिक धोरण आले आणि ‘बुमिपुतेरा’ सरकारी व्यवहारात पक्का झाला.

तर प्रश्न दोन. मुलीने ‘भूमिपुत्र’ लिहावे का? आणि ‘एथनिक कोटा’ला मराठीत काय म्हणावे? ‘वांशिक आरक्षण’ मला पटत नाही.

काणकोण : सर, पहिला शब्द गोव्यात जपून. जुलै 2021मध्ये विधानसभेत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झाले, आठवते ना? तीस वर्षे गोव्यात राहिलेला तो भूमिपुत्र. आम्ही वेळीप. गावडा, कुणबी, वेळीप यांचे नाव अनुसूचित जमातींत यायला 2003 उजाडले, आणि इथे भूमीचे पुत्रत्व रहिवासी दाखल्यावर मिळणार होते. आमच्या लोकांनी आवाज केला, तेव्हा काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांनी तो शब्द गाळू असे जाहीर केले. विधेयकातल्या बाकीच्या गोष्टींवर वाद होताच, पण आमच्या घरात राग शब्दाचा होता. आजी म्हणाली, “पूत कोण तें आवयक विचारात.” पुत्र कोण ते आईला विचारा.

फोंडा : आजींना नमस्कार सांगा. याला जोडून एक गोष्ट. मलेशियाच्या द्वीपकल्पात सगळ्यांच्या आधीपासून राहणारे ओरांग अस्ली आहेत. नावाचा अर्थच ‘मूळ माणसे’. 153व्या कलमात त्यांचे नाव नाही. म्हणजे सरकारी हिशेबात ते बुमिपुतेरा धरले जात असले, तरी वाटा राखणाऱ्या कलमातून तिथेही भूमीवरचे सर्वांत जुने लोक बाहेर राहिले. मुलीला सांगतो, मलेशियापुरता ‘बुमिपुतेरा’ तसाच ठेव. मराठी केलास की शब्द गोव्याचा होईल आणि तुझे भाषण भलतीकडे जाईल.

पर्वरी : ‘वांशिक’ नकोच. मराठीत वंश म्हटला की ‘वंशाचा दिवा’ आठवतो, खापरपणजोबा आठवतात. शिष्यवृत्ती घराण्यात चालत आली असे वाटते. ‘समाजनिहाय राखीव वाटा’ म्हणा. ‘आरक्षण’ रेल्वेच्या खिडकीवरचे वाटते, ‘राखीव’ आपल्या तोंडातले. राखणे म्हणजे नासू न देणे, दुसऱ्याने उचलू नये म्हणून बाजूला ठेवणे. गावच्या राखणदार देवाला रोट देतो तो काय उगाच?

पेडणे : रोट अधिकाऱ्यांना देतात आजकाल.

म्हापसा : शब्द कोणताही घ्या, अर्थ तोच. माझ्या भाचीला नव्वदच्या वर गुण असून पैसे नाहीत आणि कमी गुणांवाल्याला आहेत. याला मराठीत अन्याय म्हणतात.

फोंडा : म्हापसेकर, तुमची तक्रार खोटी म्हणत नाही. भाचीचे कॉलेज पैशांसाठी अडत असेल तर तो प्रश्न खराच आहे. पण तुमच्या वाक्यातला ‘गुण’ जरा हातात घेऊन बघा. औषधाचा गुण येतो, ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो, आणि परीक्षेत पडतात तेही गुणच. हिंदीवाले ‘अंक’ म्हणून मोकळे होतात. आपण आकड्याला सद्गुणाचे नाव दिले, आणि मग 92वाला आपोआप 68वाल्यापेक्षा गुणी ठरला. ‘गुणवत्ता यादी’ या शब्दात निवाडा आधीच होऊन बसलेला असतो.

क्रियापदेही ऐका. मेरिटवाल्याने शिष्यवृत्ती ‘पटकावली’, राखीव जागेवाल्याला ती ‘मिळाली’. एक ‘मेरिटवर लागतो’, दुसरा ‘कोट्यातून येतो’. दोघांनीही अर्ज भरला, दाखले जोडले, रांगेत उभे राहिले. व्याकरणाने मात्र एकाला कर्ता केले.

मलेशियात 2002च्या सुमारास सरकारी विद्यापीठांचा समाजनिहाय कोटा काढून ‘मेरिट’ आणले. पण विद्यापीठाकडे जाणाऱ्या वाटा दोन राहिल्या : एक, मॅट्रिक्युलेशन नावाचा वर्षभराचा विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम, ज्यात नव्वद टक्के जागा बुमिपुतेरांना, आणि दुसरी त्याहून लांब, कठीण मानली जाणारी एसटीपीएम परीक्षा. दोन्हीकडचे निकाल प्रवेशाला सारखे धरले. एकाचे भात कुडवाने मोजले, दुसऱ्याचे पायलीने, आणि रास एकच लावली. त्या राशीलाही मेरिटच म्हटले.

म्हापसा : म्हणजे तिथे मेरिटच्या नावाखाली कोटा चालला. माझेच म्हणणे सिद्ध झाले की!

फोंडा : तिथे, हो. म्हणूनच शब्दापेक्षा माप विचारावे.

पर्वरी : जन्माने मिळणाऱ्या वाट्याला आपल्याकडे जुना शब्द आहे. कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेत, गांवकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, मुलग्यांना दरवर्षी उत्पन्नातला वाटा मिळतो, ती झोण. परीक्षा नाही, गुण नाहीत. त्याला कोटा म्हणताना कोणाला ऐकले आहे का?

म्हापसा : ते वेगळे. ती वडिलोपार्जित मालमत्ता.

काणकोण : मग ‘वांशिक’ शब्द तिथे चपखल बसेल, सर. मुलीला सांगा.

फोंडा : सांगितले. तिने वहीत लिहून घेतले, आणि विचारले की गुणांना ‘गुण’ म्हणायचे नसेल तर भाषणात काय म्हणू. मी ‘मार्क’ म्हटले. मराठीच्या शिक्षकाने.