व्हिडिओ हिसके देत चालतो: रॅम, एसएसडी की ग्राफिक्स कार्ड?

कासवगती:
घरच्या डेस्कटॉपवर काही व्हिडिओ अडकत अडकत चालतात. आवाज व्यवस्थित येतो, चित्र मात्र मागे पडतं आणि मग एकदम उडी मारून पुढे जातं. यंत्र असं आहे: इंटेलचा आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम (एकच पट्टी), साधी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०, १०८०पी मॉनिटर एचडीएमआयवर.
जुन्या १०८०पी फायली मस्त चालतात. मोबाइलवर काढलेला ४के व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये जवळजवळ स्लाइड-शो होतो. यूट्यूबवर १०८०पी६० (सेकंदाला ६० फ्रेम) निवडलं की अधूनमधून झटके बसतात.
रॅम वाढवू, एसएसडी टाकू की ग्राफिक्स कार्ड घेऊ? तिन्ही एकदम घ्यायची इच्छा नाही.

उंदीरमामा:
व्हीएलसीमध्ये कॅशिंग (फाइल थोडी आधीच वाचून ठेवणं) वाढवा. टूल्स, प्रेफरन्सेस, खाली डावीकडे 'ऑल', मग इनपुट/कोडेक्समध्ये फाइल कॅशिंग १००० मिलिसेकंद असतं, ते ३००० करा. आणि एखादा चांगला कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाका.

नटबोल्ट:
मामा, कोडेक पॅक नको. व्हीएलसी स्वतःचे कोडेक स्वतःच घेऊन येतो, विंडोजमध्ये बसवलेल्या पॅककडे तो ढुंकूनही बघत नाही. उलट दुसऱ्या प्लेअरचं जुळलेलं गणित बिघडतं. आणि कॅशिंगचा उपयोग फाइल वाचायला उशीर होत असेल तरच. इथे तसं दिसत नाही: वाचनाला उशीर झाला तर आवाजही तुटतो. आवाज नीट आणि चित्रच मागे पडतंय, म्हणजे फाइलमध्ये आवळून ठेवलेल्या फ्रेम उलगडायला (डिकोड करायला) वेळ पुरत नाहीये.

कासवगती, खरेदी नंतर. आधी तीन आकडे आणा.

१. फाइलमध्ये काय आहे. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक (व्हिडिओ आवळायची पद्धत), रिझोल्यूशन, फ्रेम रेट दिसेल. ८ बिट की १० बिट (रंगछटांची बारकाई) हे मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये जास्त स्वच्छ दिसतं, 'बिट डेप्थ' ही ओळ बघा. मूळ भानगड बहुतेक वेळा तिथेच असते.

२. काम कोण करतंय. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू (ग्राफिक्स चिप). चार आलेखांपैकी एकाच्या डोक्यावर 'व्हिडिओ डिकोड' असायला हवं, नसेल तर त्या नावावर क्लिक करून यादीतून निवडा. व्हिडिओ चालू असताना हा आलेख सपाट शून्यावर आणि सीपीयू ९० टक्क्यांच्या वर असेल, तर ग्राफिक्स चिप हात बांधून बसलीय आणि सगळं ओझं प्रोसेसरवर आहे. जीपीयू हा भागच दिसत नसेल तर ड्रायव्हर जुना किंवा गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव दिसलं तर रोग तिथेच सापडला: त्या ड्रायव्हरला हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणं, येतच नाही. इंटेलचा ड्रायव्हर टाका, यंत्र पुन्हा सुरू करा, मग पुढचं.

३. फ्रेम किती गळतात. व्हीएलसीच्या त्याच खिडकीत 'स्टॅटिस्टिक्स' टॅबमध्ये 'लॉस्ट' हा आकडा. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'. तिथे गळलेल्या फ्रेम, कोडेक आणि 'बफर हेल्थ' (पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ उतरून तयार आहे) तिन्ही दिसतात. बफर शून्याला टेकत असेल तर दोष नेटचा. बफर २०-३० सेकंदांचा भरलेला आणि तरी फ्रेम गळतायत, तर दोष यंत्राचा. नेटवाल्याला फोन करण्याआधी एवढं बघितलं की निम्मी भांडणं वाचतात.

ठोकळा:
आणखी एक खूण. पहिली दहा मिनिटं लोण्यासारखं चालतं आणि मग हिसके सुरू होतात, असं असेल तर प्रोसेसर तापतोय. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. १०० अंशांच्या आसपास जाऊन प्रोसेसरचा वेग (क्लॉक स्पीड) खाली येत असेल तर धूळ साफ करा. पंख्यात हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक (प्रोसेसरला थंड ठेवणारा धातूचा भाग) काढलाच तर खालची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट. जास्त लावून काही थंड होत नाही, कडेने ओघळतं तेवढं.

कासवगती:
आकडे आणले.
मोबाइलची फाइल: कोडेक एचईव्हीसी (एच.२६५), मेन १० म्हणजे १० बिट, ३८४० बाय २१६०, ६० फ्रेम, साधारण ५५ मेगाबिट प्रति सेकंद. सीपीयू ९८ टक्के, व्हिडिओ डिकोड शून्य.
यूट्यूब: कोडेकच्या जागी व्हीपी०९ (म्हणजे व्हीपी९), एका मिनिटात ३६०० पैकी २१२ फ्रेम गळल्या, बफर २५ सेकंद. सीपीयू ८० ते ९५.
जुनी १०८०पी फाइल: एच.२६४, सीपीयू ८ टक्के, व्हिडिओ डिकोड १५ टक्के.
तापमान ७२ अंशांच्या वर गेलं नाही. ड्रायव्हर इंटेलचाच आहे.

नटबोल्ट:
मग चित्र स्पष्ट आहे. आय५-४५७० हा इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर. त्याच्या एचडी ४६०० चिपमध्ये एच.२६४ उलगडायचं वेगळं सर्किट आहे, म्हणून जुनी फाइल ८ टक्क्यांत निघते. एचईव्हीसीसाठी तसं पूर्ण सर्किट इंटेलने सहाव्या पिढीत दिलं, तेही ८ बिटसाठी. १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट यायला लागलं सातव्या पिढीपासून. त्याहून नवा कोडेक एव्ही१ अकराव्यापासून.

तुमच्या फाइलचं ओझंही बघा. ४के म्हणजे १०८०पीच्या चौपट ठिपके. त्यात ३० ऐवजी ६० फ्रेम, म्हणजे आठपट. वर १० बिट. दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात चार कोअर हे उरकू शकत नाहीत. उरकलं नाही की प्लेअर आवाजाशी गाठ राखायला फ्रेम फेकून देतो. तुम्हाला दिसते ती 'उडी' हीच.

त्यामुळे तुमच्या तीन पर्यायांपैकी:
एसएसडी या दुखण्यावर औषध नाही. ५५ मेगाबिट म्हणजे सेकंदाला ७ मेगाबाइट. धडधाकट हार्ड डिस्क शंभरच्या आसपास सहज देते. विंडोज चपळ होईल, व्हिडिओ होता तिथेच राहील.
रॅमची दुसरी पट्टी थोडा फरक पाडेल, पण 'जास्त रॅम' म्हणून नव्हे. ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एका पट्टीवर डीडीआर३-१६०० चा मार्ग १२.८ जीबी प्रति सेकंद असतो, दोन पट्ट्यांवर २५.६. यूट्यूबचे झटके किंचित कमी होतील. ४के मात्र सुटणार नाही.

आता बिनखर्चाचं. यूट्यूबसाठी ब्राउझरमध्ये 'एच२६४इफाय' हे एक्स्टेन्शन टाका. ते यूट्यूबला सांगतं की मला व्हीपी९ येत नाही, मग यूट्यूब एच.२६४ पाठवतं आणि तुमची चिप ते आनंदाने उचलते. एक अट: यूट्यूब एच.२६४ फक्त १०८०पीपर्यंत देतं, त्यावरचं रिझोल्यूशन यादीतून गायब होईल. तुमचा मॉनिटरच १०८०पी आहे, त्यामुळे तोटा नाही. सोबत ब्राउझरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. कुठल्यातरी जुन्या सल्ल्यावरून ते बंद केलेलं असतं आणि मग विसरलं जातं.

मोबाइलच्या फायलींसाठी हँडब्रेक, हा व्हिडिओ दुसऱ्या कोडेकमध्ये बदलणारा मोफत प्रोग्रॅम. एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४), रिझोल्यूशन १०८०पी, आरएफ (दर्जाचा आकडा) २०, फ्रेम रेट मूळ तोच पण 'कॉन्स्टंट'. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, पुढे एडिटिंगला घेतलं की आवाज सरकतो, म्हणून कॉन्स्टंट. यादीत एक्स२६४ च्याच शेजारी '१० बिट' असलेला पर्याय असतो, त्याला हात लावू नका. १० बिट एच.२६४ बहुतेक ग्राफिक्स चिपना उलगडता येत नाही, पुन्हा सीपीयूवर ओझं येईल. तुमच्या यंत्रावर एका मिनिटाच्या फाइलला बरीच मिनिटं लागतील, रात्री रांग लावून ठेवा. आणि मूळ फायली पुसू नका.

पुढचं रेकॉर्डिंग? मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' किंवा एच.२६४ असा पर्याय असतो, एचडीआर बंद करा, १०८०पी६० ठेवा. झालं.

तिसरा डोळा:
कार्ड घ्यायचंच ठरलं तर नाव बघून घेऊ नका, व्हिडिओ इंजिन बघा. इथे लोक हमखास फसतात.

जीटी ७१०: स्वस्त दिसतं, पण एचईव्हीसी डिकोड नाही. तुमच्या कामाला शून्य उपयोग.
जीटी १०३०: १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही येतं. ३० वॅट, वेगळी पॉवर केबल लागत नाही, बुटक्या केबिनेटसाठी लो-प्रोफाइल मिळतं. मात्र याच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. जीडीडीआर५ मेमरीवालं घ्या, डीडीआर४ वाल्याचा मेमरीचा वेग जवळपास तिसऱ्या हिश्शाचा आहे. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एव्ही१ दोन्हींत नाही.
आरएक्स ६४००: एचईव्हीसी, व्हीपी९ ठीक. जीटी १०३० पेक्षा नवं असूनही एव्ही१ डिकोड नाही आणि व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आवळणारं सर्किट) तर मुळीच नाही.
आर्क ए३१०: एव्ही१ सकट सगळं येतं. पण इंटेलने अधिकृतपणे दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगितलेत, चौथ्या पिढीच्या बोर्डावर नशीब आजमावू नका.

म्हणजे तुमच्या बोर्डाला जीटी १०३० जीडीडीआर५, तेही वापरलेलं आणि रास्त मिळालं तरच. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. सांगायला नको असं वाटतं, पण नवं कार्ड आणि केबल मात्र जुन्याच मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, हे फार वेळा होतं.

माझं मत विचाराल तर या यंत्रात पैसे घालू नका. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं. कार्डाच्या पैशांत भर घालून आठव्या पिढीचं वापरलेलं यंत्र घेतलंत तर त्याच्या यूएचडी ६३० या ऑनबोर्ड ग्राफिक्समध्येच १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ येतं, कार्ड लागतच नाही.

कासवगती:
एच२६४इफाय टाकलं. तोच व्हिडिओ, तोच मिनिट: ३६०० पैकी ३ फ्रेम गळल्या, सीपीयू २० टक्के. हँडब्रेकने काढलेली १०८०पी फाइलही सरळ चालते. कार्ड तूर्तास रद्द.
एक उरलं. काही सिनेमांत कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा बारीक थरथर दिसते. 'लॉस्ट' शून्य, सीपीयू शांत. हे काय?

ठोकळा:
हा दोष नव्हे, भागाकार आहे. सिनेमा २४ फ्रेमचा, मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा. ६० ला २४ ने भागलं की अडीच येतं, आणि अर्धी फ्रेम दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा: ५० मिलिसेकंद, ३३ मिलिसेकंद, पुन्हा ५०. स्थिर दृश्यात कळत नाही, कॅमेरा आडवा सरकला की डोळ्याला टोचतं. यंत्र कितीही दणकट घ्या, ६० हर्ट्झवर हे राहणारच.

उपाय: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेटच्या यादीत २४, ४८ किंवा ७२ दिसतं का बघा. माउस हलवताना २४ वर जीव जातो, त्यामुळे सिनेमापुरतंच. २५ फ्रेमच्या फायलींना ५० हर्ट्झ. यादीत काहीच नसेल तर एमपीव्ही प्लेअर घ्या आणि त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये व्हिडिओ-सिंकला 'डिस्प्ले-रिसॅम्पल' ही किंमत द्या. आवाजाचा वेग नकळत जुळवून तो पडद्याशी गाठ मारतो. तीन-दोनचा ठेका जात नाही, पण मधूनमधून चुकणारी फ्रेम बंद होते. एमपीव्हीत हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असतं, तेही त्याच फाइलमध्ये 'एचडब्ल्यूडेक' ला 'ऑटो' लिहून चालू करा. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर आय दाबलं की सगळे आकडे पडद्यावर येतात.

उंदीरमामा:
याच अडचणीचा चुलतभाऊ: ४के टीव्ही जुन्या यंत्राला लावला आणि सगळंच झटके देतंय, अगदी माउससुद्धा. तिथे व्हिडिओला दोष देऊ नका. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने जातं. कासवगतींच्या बोर्डाचंही तेच आहे. टीव्ही लावलाच तर रिझोल्यूशन १०८०पी आणि ६० हर्ट्झ ठेवा, मोठं करून दाखवायचं काम टीव्हीला करू द्या. आणि हो, कोडेक पॅकचं माझं म्हणणं मागे घेतो.