आपल्या गल्लीची बातमी तपासणारे बाबा कराचीची बातमी का तपासत नाहीत?

राजेंद्रनगरकर (इंदूर): माझे बाबा पेपरातलं काहीच सरळ मानत नाहीत. नर्मदेचं पाणी रोज येणार असं छापून आलं की लगेच म्हणतात, "कोणाच्या नळाला रे? आपल्याकडे तर एक दिवसाआड." पण २०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाक संघर्षात, टीव्हीवर रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं चाललं होतं तेव्हा हेच बाबा दीडपर्यंत जागे, फोन करून नातेवाइकांना उठवत होते. दुसऱ्या दिवशी कळलं बंदर शाबूत आहे. तरी पुढची बातमी पुन्हा तशीच खरी मानली. मला खरंच समजून घ्यायचंय, एवढा चिकित्सक माणूस इथे का अडकतो?

मधुवन: नळ घरात आहे, कराची नाही. गल्लीची बातमी खोटी ठरवायला उठून तोटी उघडली की झालं. तिकडचं कोणाला विचारणार? ना नातेवाईक, ना व्हिसा.

जुना_वाचक: मधुवन, एवढंच असतं तर बाबा म्हणाले असते "माहीत नाही". ते तर खात्रीने सांगत होते ना. मला वाटतं नळाच्या बातमीवरसुद्धा ती शंका नव्हती, नगरनिगमवरचा राग होता, म्हणून चांगली बातमी खोटी वाटली. पाकिस्तानवरही रागच आहे, म्हणून त्यांच्या नुकसानीची बातमी खरी वाटली. राग बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा, पण तपासणी दोन्हीकडे झालीच नाही.

आणि हे फक्त आपलं नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, ऑक्टोबरात अमेरिकेत नायिरा नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलात बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. व्हिएतनामनंतर स्वतःच्या सरकारवर विश्वास न ठेवणारी माणसंसुद्धा हलली. १९९२ मध्ये उघड झालं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती आणि तिची साक्ष एका पीआर कंपनीने तयार करून घेतली होती. सद्दाम क्रूर होताच हो, म्हणूनच खोटं त्यात मिसळून गेलं, कोणाला खटकलंच नाही.

पलासियावाला: पण तिकडचे चॅनल पण तेच करतात, व्हिडिओ गेममधले सीन लढाई म्हणून फिरतात. आपणच का स्वतःला धुवायचं?

जुना_वाचक: तिकडचं खोटं आपण लगेच पकडतो हो, त्यात कौतुक काय. तिकडचा माणूसही आपलं लगेच पकडत असेल.

सिंधी_कॉलनीजवळ: आमच्या शेजारचे काका सिंधी, त्यांचे वडील फाळणीत तिकडून आले. त्या रात्री काका एकच विचारत होते, तिथली शाळा असेल ना? कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे, १८५५ ची, आजही चालू. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणून आपला मराठी माणूस तिथे शिक्षण खात्यात. मी हे घरी सांगितलं तर आई पहिल्यांदा म्हणाली, "मग तिथे मुलं पण असतील रे." तोवर आम्हाला ते फक्त टीव्हीवरचं बंदर होतं.

राजेंद्रनगरकर: ही शाळेची गोष्ट आज जेवताना बाबांना सांगतो. रागाचं कसं काढू ते अजून ठरत नाहीये, नगरनिगमचं नाव घेतलं की वेगळाच विषय सुरू होतो.