चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसला, पण चागोसवासीयांना काय?

दर्यावर्दी :
२२ मे २०२५ रोजी झालेल्या करारात ब्रिटनने हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहावरील मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य केले. अमेरिकेचा लष्करी तळ असलेल्या दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटाचा वापर मात्र त्याच कराराने ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडेच राहतो. वसाहतवादाचा एक जुना हिशेब मिटला म्हणून अनेकांनी याचे स्वागत केले. मला ते स्वागत घाईचे वाटते, कारण ज्यांना या बेटांवरून उठवले, त्या माणसांना वाटाघाटींत पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

१९६८ ते १९७३ या काळात सुमारे दीड ते दोन हजार लोकांना या तळासाठी तिथून काढले गेले. उपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोटच मिळेना. मग बेटांवरचा धान्य आणि औषधांचा पुरवठा आखडला गेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या शेडमध्ये कोंडून वाहनांच्या धुराने मारण्यात आली. कागदोपत्री मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांची भूमिका अशी होती की येथे कायमची वस्ती नाही, आहेत ते कंत्राटी मजूर. कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेले आपले लोकही करारबद्ध मजूरच होते आणि त्यांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत. चागोसच्या नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांना तोच न्याय का नाही?

अपरान्त :
आपली वेदना रास्त आहे, पण दोष चुकीच्या दारात ठेवला जात आहे. ब्रिटनने चागोस १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, ३० लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडले आणि १२ मार्च १९६८ रोजी जन्मलेला हा देश पुढे पन्नासहून अधिक वर्षे त्यासाठी भांडला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिलेल्या सल्लागार मतात म्हटले की ही तोडणी लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेली नव्हती आणि म्हणून मॉरिशसचे वसाहतमुक्तीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही. त्यानंतर मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत, ब्रिटनने चागोसमधून माघार घ्यावी अशा ठरावाच्या बाजूने ११६ आणि विरोधात अवघी ६ मते पडली; भारताने बाजूने मत दिले.

आरमार नाही, मोठी बाजारपेठ नाही, अशा देशाच्या हाती कायद्याशिवाय दुसरे शस्त्र नसते. विस्थापितांनी स्वतः ब्रिटिश न्यायालयांत लढून काय मिळाले, तेही पाहावे : २००० साली परतण्याच्या हक्काबाबत विजय, २००४ मध्ये राजाज्ञेने तो रद्दबातल आणि २००८ मध्ये सर्वोच्च पातळीवर तीन विरुद्ध दोन असा पराभव. सार्वभौमत्व हाती आल्याशिवाय पुनर्वसनाचा अधिकार कोणाकडे मागायचा?

दर्यावर्दी :
मागायचा प्रश्न आता खुद्द मॉरिशसकडेच आहे, आणि माझी शंका तिथेच आहे. करारानुसार मॉरिशस दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करू देऊ शकतो. ज्यांची घरे, चर्च आणि दफनभूमी दिएगो गार्सियावर आहे, त्यांना हा परतीचा मार्ग कसा म्हणायचा? १९८२ च्या तडजोडीत ४० लाख पौंडांच्या बदल्यात हक्क सोडल्याच्या इंग्रजी कागदांवर क्रिओल बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांचे अंगठे घेतले गेले. त्यांच्या वतीने पुन्हा दुसऱ्यानेच सही करावी, हे मला पटत नाही.

मचवा :
दोघांनीही पैशाकडे पुरेसे पाहिलेले नाही. करारानुसार दिएगो गार्सियाच्या भाड्यापोटी ब्रिटन मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड देणार आहे, तर चागोसवासीयांसाठीच्या विश्वस्त निधीत एकदाच ४ कोटी पौंड. समुद्राचेही असेच. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर करून मासेमारी बंद केली, तेव्हा मॉरिशसने सागरी कायद्याखालील लवादात दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने ब्रिटनने आपली जबाबदारी मोडल्याचे ठरवले. ट्यूना माशांच्या त्या पाण्यावरचे परवाने आणि महसूल मॉरिशस सरकारच्या हाती येईल. त्यातला ठरलेला हिस्सा विस्थापितांना मिळावा, अशी अट मॉरिशसच्या संसदेने स्वतःच घालून घ्यायला हवी.

अपरान्त :
अट चांगली आहे, तरी मी एक गोष्ट सोडणार नाही. हा पैसा राज्याच्या तिजोरीत जाणे गैर नाही. युरोपच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेला हमीभाव देणारी व्यवस्था २००९ मध्ये संपली आणि बेटाने तो फटका सोसला. अशा देशाला उत्पन्नाचा नवा आधार नाकारून आपण कोणाला न्याय देणार?

दर्यावर्दी :
उत्पन्न कोणी नाकारलेले नाही. प्रश्न क्रमाचा आहे. ब्रिटनने २०१६ मध्येही पुनर्वसन नाकारून ४ कोटी पौंडांची मदत जाहीर केली होती आणि पहिल्या काही वर्षांत त्यातला अगदी किरकोळ भागच खर्च झाला. म्हणून भाड्यातील हिस्सा ठरवताना मॉरिशसने विस्थापितांना आपले प्रतिनिधी मतदानाने निवडण्याचा हक्क द्यावा, चागोसमधील सालोमन आणि पेरोस बान्होस बेटांवर धक्का, पाणी आणि दवाखाना कधी उभा राहील याची तारीख जाहीर करावी, आणि इंग्लंडमधील क्रॉली शहरात राहणाऱ्या, ब्रिटिश नागरिक झालेल्या चागोसवासी कुटुंबांनाही त्या मतदानात धरावे.