स्टासी: एकाच माणसाची दोन कार्डं कशासाठी?

प्रश्न – कागदपत्री
पूर्व जर्मनीच्या स्टासीबद्दल, म्हणजे तिथल्या गुप्त पोलीस यंत्रणेबद्दल, आकडे सगळीकडे मिळतात: १९८९ च्या अखेरीस सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी, सुमारे १,८९,००० हस्तक (गुपचूप खबर देणारे) आणि देशाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास. आतली रचना मात्र कुणी नीट सांगत नाही. खात्यांचे क्रमांक सलग का नाहीत? 'लाइन २०' म्हणजे काय? आणि एफ १६, एफ २२ अशी दोन वेगवेगळी कार्डं का ठेवत? जाणकारांनी उलगडून सांगावं.

उत्तर – उभाआडवा
रचना आपल्या जिल्हा-तालुक्यासारखी धरा. वर बर्लिनच्या नॉर्मानेनस्ट्रासवरचं मंत्रालय (१९५७ पासून १९८९ पर्यंत मंत्री एरिश मील्के), खाली १५ जिल्हा कचेऱ्या, त्यांच्याखाली दोनशेहून जास्त तालुका कचेऱ्या. ही उभी रचना झाली.

आडवी रचना म्हणजे लाइन. बर्लिनच्या मुख्य खाते २० कडे चर्च, कलावंत-लेखक आणि विरोधक. ड्रेस्डेनच्या जिल्हा कचेरीतही त्याच कामाचं खाते २०, रोस्टॉकलाही तेच. हे सगळं मिळून लाइन २०. जिल्ह्यातला अधिकारी आपल्या जिल्हाप्रमुखाच्या हुकमात, पण विषयाचं मार्गदर्शन बर्लिनहून. तालुका कचेऱ्या लहान, तिथे प्रत्येक लाइनला वेगळं खातं नसे. तरी हस्तकांचा मोठा वाटा तिथलेच अधिकारी सांभाळत.

शिवाय सेवा पुरवणारी खाती: ८ पाळतीला, ९ चौकशीला, १४ कोठड्यांना, २६ फोन ऐकायला, 'एम' टपाल उघडायला. लाइन २० चा अधिकारी स्वतः कुणाचा फोन ऐकत नसे. तो २६ कडे मागणी पाठवी, तिथून त्याला मजकूर मिळे. या हाताचं त्या हाताला कळू न देणं हाच कामाचा पाया.

क्रमांकांनी फसू नका. १९६४ मध्ये फेरआखणी झाली: आधीचं मुख्य खाते ५ पुढे २० झालं, अर्थव्यवस्था पाहणारं ३ पुढे १८ झालं. नंतर ३ हा आकडा रेडिओ-हेरगिरीला दिला गेला. त्यामुळे १९६० च्या कागदावरचं '३' आणि १९८५ च्या कागदावरचं '३' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आधी साल पाहा, मग खातं ओळखा.

उत्तर – दप्तरी
कार्डांबद्दल. दोन्ही खाते १२ कडे, म्हणजे नोंदणी आणि दप्तर सांभाळणाऱ्या खात्याकडे असत.

एफ १६ वर खरं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक नोंदणी क्रमांक. ही कार्डं उच्चारानुसार लावलेली, म्हणजे 'मायर' आडनावाची सगळी स्पेलिंगं एकाच ठिकाणी. पण हा माणूस हस्तक आहे की ज्याच्यावर पाळत आहे तो, हे त्यावर कळत नाही.

एफ २२ क्रमांकानुसार लावलेलं. त्यावर प्रकरणाचा प्रकार, टोपणनाव आणि जबाबदार अधिकारी. खरं नाव नाही. दोन्हींना जोडणारा धागा तेवढा तो क्रमांक. तो असा वाचायचा: आधी रोमन आकडा, मग अनुक्रमांक, मग साल. रोमन १२ म्हणजे ड्रेस्डेन, १३ लाइपझिग, १५ बर्लिन आणि खुद्द मंत्रालय.

एखाद्या अधिकाऱ्याने नावाची चौकशी केली, की खाते १२ नोंद ज्या विभागाची त्याला कळवी, आणि पुढे काय सांगायचं ते तो विभाग ठरवी. म्हणूनच एक चोरलेलं कार्ड कुणाच्या कामाचं नव्हतं.

कागदपत्री
म्हणजे एफ १६ सापडलं तर तो माणूस हस्तक होता असं म्हणता येत नाही?

दप्तरी
अजिबात नाही, आणि सगळ्यात मोठा अन्याय इथेच होतो. ज्याचा छळ झाला त्याचंही एफ १६ असतंच. पुढे एफ २२ पाहा. तिथे 'पूर्वतयारी' असा प्रकार असेल तर तो फक्त हेरलेला उमेदवार. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. मग फाइल: भाग १ निवड आणि हस्तक व्हायला दिलेली कबुली, भाग २ अहवाल, भाग ३ दिलेले पैसे. सहीची कबुली नाही म्हणून माणूस सुटला असंही नाही. चर्चमधल्या लोकांकडून बरेचदा तोंडी होकारच घेत. भाग २ मधले अहवाल वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

उभाआडवा
परदेशी हेरगिरी करणाऱ्या एचव्हीए या स्टासीच्याच शाखेची गोष्ट आणखी अवघड. १९९० मध्ये त्यांनी आपल्या बहुतेक फायली नष्ट केल्या. त्यांच्या कार्डांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेच्या सीआयएकडे गेल्या आणि त्यांच्या प्रती २००३ पर्यंत जर्मनीला मिळाल्या. त्यालाच 'रोझेनहोल्त्स' म्हणतात. त्यात एकाच क्रमांकाखाली हस्तकाबरोबर त्याचे नातेवाईक, ओळखीचेही नोंदलेले असतात. एका एफ २२ ला पाच एफ १६ जोडलेली दिसली, तर त्यातला हस्तक कोण हे नुसत्या कार्डांवरून सांगता येत नाही.