शब्दचर्चा : आदिबंध, मूलबंध की साचा?

शारदा_कोथरूड :
पुण्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. द्वितीय वर्षाला कर्णाच्या कथेवरून 'आर्किटाइप' (निरनिराळ्या संस्कृतींच्या कथांत पुन्हापुन्हा डोकावणारा मूळ नमुना) समजावायचाय. पुस्तकांत कुठे 'आदिबंध', कुठे 'मूलबंध', क्वचित 'आद्यप्रतिमा'. 'मिथ'साठी तर मिथक, पुराणकथा, दैवतकथा, प्राक्कथा अशी रांगच आहे. वर्गात कुठले शब्द वापरू?

पेठेतला :
मूलबंध अजिबात नको. तो हठयोगातला. कुठले स्नायू आवळायचे असतात हे ज्या पोरांना ठाऊक आहे, ती फळ्याकडे बघून फिदीफिदी हसणार.

जुना_मास्तर :
आदिबंध घ्या. ऋणानुबंध, रूपबंध, आकृतिबंध यांमुळे 'बंध' कानाला परका नाही. (शासनाच्या जीआरमध्ये आकृतिबंध म्हणजे मंजूर पदं, ते सोडा.) 'आद्यप्रतिमा' मला खटकतो. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ युंगच्या मते आर्किटाइप स्वतः दिसत नाही, दिसतात त्याच्या प्रतिमा. 'साचा'ही नको. गणपतीच्या साच्यातून निघणारी प्रत्येक मूर्ती सारखीच असते, इथे तसं होत नाही.

मुलांना तीन गोष्टी शेजारीशेजारी सांगा. कुंती मूल पेटीत घालून अश्वनदीत सोडते. पेटी चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करत चंपा नगरीला पोचते आणि सूत अधिरथाला सापडते. प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन, त्याला आई बोरूच्या टोपलीतून नदीत सोडते, पाणी भरणारा अक्की त्याला वाढवतो. बायबलमधल्या मोशेची टोपली नाईलच्या काठी लव्हाळ्यांत, पण तिथे उलटं घडतं: गुलामाचं पोर राजवाड्यात वाढतं. मिथकं तीन, आदिबंध एक.

मात्र इथेच थांबू नका. 'सगळीकडे सारखंच असतं' एवढं कळून साहित्य कळत नाही. सार्गोन राजा होतो, मोशे आपल्या लोकांचा नेता होतो. कर्णाला कृष्ण जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो, आणि तो नाही म्हणतो. मिथकांचा अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलने १९४९ मध्ये नायकाच्या प्रवासाचे प्रस्थान, दीक्षा आणि परतणं असे टप्पे मांडले. कर्णाचं परतणं कुठे आहे, एवढाच प्रश्न वर्गात टाका. तास पुरणार नाही.

ओवीवेडी :
मास्तर, थोडं अडवते. 'पाण्यात सोडलेलं मूल' हा आदिबंध नव्हे, कल्पनाबंध. लोककथांचे अभ्यासक मोटिफला, म्हणजे कथांत पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या घटकाला, कल्पनाबंध म्हणतात. अमेरिकन लोककथा-अभ्यासक स्टिथ थॉम्पसनच्या मोटिफ-सूचीत त्याला एस ३३१ असा क्रमांकसुद्धा आहे. आदिबंध म्हणायचंच तर 'टाकून दिलेलं, तरीही तगलेलं बालक' म्हणा. पाणी, पेटी, टोपली हा तपशील झाला.

जुना_मास्तर :
मान्य. पेपर तपासताना मी हा फरक आग्रहाने पाहीन, पहिल्या तासाला नाही.

पेठेतला :
आणि 'मिथ'चं काय? पेपरात 'मधुमेहाविषयीची मिथकं' असे मथळे येतात. पोरांना मिथक म्हणजे खोटी समजूतच वाटते. वर 'मिथ्या' शेजारी बसलेलाच आहे.

ओवीवेडी :
तरी मिथकच बरा, पहिल्या दिवशी तो गैरसमज काढून टाकायचा. 'पुराणकथा' म्हटलं की पुराणातली वांगी पुराणात! शिवाय परंपरेने महाभारत पुराणांत बसत नाही, तो इतिहास. दैवतकथेत सार्गोन कुठे बसवणार?

शारदाताई, कर्णाआधी श्रावणातली एखादी कहाणी घ्याल का? आटपाट नगर, वसा घेणं, उतणं-मातणं, वैभव जाणं, चूक कळून पुन्हा वसा घेणं. घरी आजीकडून ऐकलेली असते, त्यामुळे टप्पे मुलंच काढून देतात.

पेठेतला :
पण हा आदिबंध की नुसता कथनाचा साचा?

ओवीवेडी :
साचाच! शेवट 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' असाच हवा, एक शब्द बदलला तर आजी ओरडते. इथे मास्तरांचा गणपती चालेल.

शारदा_कोथरूड :
म्हणजे कहाणीला साचा, पेटीला कल्पनाबंध, टाकलेल्या पोराला आदिबंध आणि कर्णाच्या अख्ख्या गोष्टीला मिथक. चारही शब्द फळ्यावर लिहीन. एकच शंका: उत्तरपत्रिकेत कुणी 'आर्किटाइप' असं देवनागरीत लिहिलं तर?

जुना_मास्तर :
पूर्ण मार्क. फक्त मूलबंध लिहिणाऱ्याला योगाच्या वर्गाला पाठवा.