कोजागिरीला मोटरहोम घेऊन न्यूपोर्टला कुर्ल्या पकडायला : कुणी गेलंय का?

हिल्सबोरोचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. ओरेगनमध्ये राहणाऱ्या खवय्यांसाठी प्रश्न आहे. आम्ही दोन जोडपी, माझी नऊ वर्षांची लेक आणि एक अविवाहित मित्र असे सहाजण २८ फुटी मोटरहोम भाड्याने घेऊन न्यूपोर्टला जायचं म्हणतोय. बायकोचा हट्ट, यंदा कोजागिरीचं दूध समुद्रावरच आटवायचं. मित्र वेंगुर्ल्याचा, त्याला कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायचे आहेत. पण तो म्हणतो पौर्णिमेला कुर्ल्या पोकळ असतात. या दोघांमध्ये मी अडकलोय.

बोट घ्यावी की धक्क्यावरून जमतं? परवाना प्रत्येकाला लागतो का? आणि रस्सा मोटरहोममध्येच करता येईल का? वाटण-मसाला सगळा बरोबर नेणार आहोत.

चणेफुटाणे
कुर्ल्यांचा रस्सा आणि वर मसाला दूध, एकाच रात्री? तुमच्या घरात कुणी वडीलधारं माणूस नाही वाटतं. आणि मोटरहोम कशाला? भाडं, पेट्रोल, वर रात्रीच्या जागेचे पैसे. तेवढ्यात खाडीकाठचं चांगलं हॉटेल मिळेल, पाय पसरून झोपाल तरी.

यक्विनाकाठ
मी देवगडचा, आता कॉर्व्हालिसला असतो. न्यूपोर्ट इथून तासाभरावर, त्यामुळे खाडीवर जाणं-येणं चालू असतं. जरा सविस्तर लिहितो.

आधी तिथी ठरवा. कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण. न्यूपोर्टच्या यक्विना खाडीचं तोंड दोन दगडी बांधांमध्ये आवळलेलं आहे. उधाणाचं पाणी तिथून असं सुटतं की रिंग (खेकडे धरायची दोराला बांधलेली गोल जाळी) तळाला बसत नाही, दोर तिरका ताणला जातो. एवढ्या ओढीत खेकडाही फारसा हिंडत नाही, वाळूत रुतून राहतो. म्हणून भांगाचे, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते ते दिवस धरा, अष्टमीच्या मागेपुढे. त्यातही भरती पुरी होऊन पाणी थबकतं, त्याच्या आधीचा आणि नंतरचा तासभर हीच कमाईची वेळ. इथल्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक लहान. नोआ या अमेरिकेच्या हवामान-समुद्र खात्याच्या साइटवर न्यूपोर्टजवळच्या साउथ बीचचा तक्ता फुकट मिळतो, तो बघून मगच रजा टाका. आम्ही गावात पंचांग बघून खाडीत उतरायचो, इथेही चंद्र तोच आहे.

चणेफुटाणे यांचं हॉटेलचं गणित पैशांपुरतं बरोबर आहे. पण पाणी पहाटे साडेपाचला थबकणार असेल तर हॉटेलातून नऊ वर्षांची पोर उठवून, कपडे घालून, गाडीत बसवून कोण नेणार? साउथ बीच मरीनाला लागूनच मोटरहोमसाठी जागा आहे आणि सार्वजनिक धक्का तिथून चालत जाण्याइतका जवळ. पोर झोपलेली असताना दोघांनी जाऊन रिंगा टाकाव्यात, एकाने मागे थांबून चहा करावा. गाडी एकदा लावली की मात्र हलवू नका. तेवढं धूड घेऊन बेफ्रंटवर, म्हणजे खाडीकाठच्या बाजाररस्त्यावर पार्किंग शोधत फिरण्यात मजा नाही. साउथ बीच स्टेट पार्कही चांगलं आहे, पण धक्क्यापासून थोडं लांब, आणि तिथलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं.

वेंगुर्लेकरांना सांगा, इथल्या पोकळ कुर्लीला चंद्राहून जास्त कारण कात आहे. डंजनेस या इथल्या मोठ्या खेकड्याचे नर साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस कात टाकतात. नवं कवच मोठं असतं आणि आत मांसापेक्षा पाणीच जास्त. ऑक्टोबरात दोन्ही प्रकारचा माल येतो. पायाचा जाड भाग बोटाने दाबून बघा. दबला तर मोजपट्टी काढायच्या भानगडीत पडू नका, पाण्यात सोडा.

बोटीची गरज नाही. धक्क्यावरून रिंग वापरा, पिंजरा नको. रिंग तळाला सपाट पडते, पंधरा-वीस मिनिटांनी ओढायची, पोरांना तेवढाच धीर असतो. पहिला झटका जोरात द्या आणि मग न थांबता ओढा. हात थांबला की रिंग सैल पडते आणि कुर्ली चालती होते. आमिषाला सगळेजण माशाची डोकी सांगतील. खाडीत सील आणि सी लायन फिरत असतात, ते डोकी पळवतात. कोंबडीच्या तंगड्या बांधा, त्यांच्याकडे ते सहसा ढुंकून बघत नाहीत.

परवाना बारा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतो, म्हणजे लेक सुटली. माणशी तीन रिंगा. डंजनेसचे फक्त नर, दिवसाला बारा, आणि पाठीची रुंदी टोकदार काटे सोडून पावणेसहा इंच. लाल रॉक क्रॅबला आकाराची किंवा नर-मादीची अट नाही, दिवसाला चोवीस. त्याचं अंग बारीक, पण डेंगा (नांगी) असा की दगडाने फोडावा लागतो. रश्श्याला मला तोच आवडतो, इथले गोरे लोक हसतात, हसू देत.

आता रस्सा. यावर मी भांडायला तयार आहे. आपण कुर्ली मोडून कवचातल्या पिवळ्या गाभ्यासकट वाटणात घालतो, कारण चव तिथेच असते. इथे ते करू नका. या किनाऱ्यावर एक सूक्ष्म शैवाल कधीकधी डोमोइक ॲसिड नावाचं विष तयार करतं. शिंपल्यांतून ते खेकड्यात येतं आणि मुख्यतः त्या गाभ्यात साठतं. उकळून जात नाही, उलट रश्श्यात उतरतं. २०१५ साली यापायी वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया तिन्हीकडे धंद्याची खेकडेमारी लांबली होती. निघण्याआधी राज्याच्या शेती खात्याची सूचना बघा, खाडी बंद असेल तर तिथेच कळतं. उघडी असली तरी मी कुर्ली आधी दोन भाग करून गाभा आणि कल्ले काढून टाकतो, धुतो आणि मगच वाटणात घालतो. चव थोडी कमी होते, होऊ दे. धुणं मात्र मासेमारी आटोपल्यावर. तोवर खेकडा अख्खा ठेवायचा, तपासनीस कधीही येऊन मोजतो.

मीठभाकर
यक्विनाकाठ यांनी सगळं सांगितलं, पण मोटरहोममध्ये शिजवायचं का ते राहिलं. शिजवू नका. फोडणी टाकली की धुराचा गजर ओरडतो आणि कुर्लीचा वास पडद्यांना महिनाभर राहतो. भाड्याच्या गाडीला वास आला तर सफाईचे पैसे वेगळे लावतात. बाहेर गॅसची मोठी शेगडी मांडा. आतल्या सिंकमध्ये कुर्ल्या धुऊ नका, पाय आणि कवचाचे तुकडे टाकीच्या नळीत बसतात. वाटण घरीच भाजून, वाटून, गोठवून न्या. ३० अँपिअरच्या जोडणीवर हीटर चालू असताना मिक्सर लावलात तर सगळा अंधार.

लेकीसाठी लाइफ जॅकेट धक्क्यावरही घाला. आणि खाडीच्या तोंडाच्या दगडी बांधावर फोटो काढायला अजिबात जाऊ नका. समुद्र शांत दिसतो आणि एखादी लाट अचानक वर येते.

चणेफुटाणे
पहाटे साडेपाचचा मुद्दा मान्य. दुधाचा नाही.

हिल्सबोरोचा_पाहुणा
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात बैठक झाली. कोजागिरी इथेच, गच्चीवर. कुर्ल्या पुढच्या अष्टमीला, गुरुवार-शुक्रवार रजा टाकून. वेंगुर्लेकर कातीचं ऐकून गप्प झाला, पण "गाभा काढलेल्या कुर्लीला रस्सा म्हणत नाहीत" असा त्याचा निरोप आहे. लेकीला मोजायचं काम हवंय. धक्क्यावर तिला नर-मादी झटकन कसं ओळखता येईल?

यक्विनाकाठ
उलटी करून पोट बघायचं. झडप अरुंद आणि टोकाकडे निमुळती असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी, ती लगेच पाण्यात. पकडायचं मागून, शेवटच्या पायांशी, म्हणजे डेंगा पोचत नाही. मोजायची प्लास्टिकची पट्टी आमिषाच्या दुकानात मिळते. दोन घ्या, एक पाण्यात पडतेच.

वेंगुर्लेकरांना म्हणावं, सोलकढी जास्त घेऊन या.