प्रवाळांच्या टाकीत ट्रायडॅक्ना: हौस की आफत?

गोदाकाठी_खारं_पाणी
गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये चार फुटी रीफ टाकी आहे, सम्प (खालची गाळणीची टाकी) धरून ४०० लिटर. हॅमर, टॉर्च (दोन्ही कडक प्रवाळ) आणि मऊ झोआ तीन वर्षं मजेत आहेत. दुकानदार मागे लागलाय, "आता ट्रायडॅक्ना शिंपला टाका, पाणी गाळतो, घाणीतून साठणारं नायट्रेट आपोआप उतरेल."
माझं मत: शिंपला आणि प्रवाळ एका टाकीत नकोत, निदान नाशकात तरी. गेल्या मे महिन्यात सहा तास वीज नव्हती. चिलर बंद, पाणी ३१ अंशांवर. प्रवाळांनी अंग चोरलं, पण आठवड्यात सावरले. शिंपला मेला असता तर? एवढा मांसाचा गोळा रात्रीतून कुजला की अमोनियाने सगळी टाकी बसते.

मीठमाप्या
काका, साफ असहमत. दोघांच्याही अंगात तेच सूक्ष्म शैवाल, दोघांनाही तोच कडक उजेड, शिंपल्याचं कवच आणि कडक प्रवाळाचा सांगाडा दोन्ही अ‍ॅरागोनाइटचेच (कॅल्शियमचा एक क्षार). क्रोसिया हा ट्रायडॅक्ना तर समुद्रात प्रवाळाच्या दगडातच भोक पाडून बसतो. माझ्याकडे इंदिरानगरला मॅक्सिमा (ट्रायडॅक्नाचीच दुसरी जात) आणि अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ दोन वर्षं एकाच लाइटखाली आहेत. वीज गेली की मरतो तो शिंपला नाही, आपला आळस. बॅटरीवरचा एअर पंप घ्या.
तुमची खरी अडचण वेगळी आहे: टॉर्च. तिचे डंखाचे धागे रात्री लांबतात. मँटलला (शिंपल्याच्या कडेच्या मांसल पडद्याला) एकदा लागले की शिंपला उघडायचंच सोडतो.

गोदाकाठी_खारं_पाणी
उजेड सारखा, कबूल. हिशोब सारखा कुठे? शिंपला वाढीला लागला की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट) दोन्ही ओढतो. आज मी हाताने डोस देऊन अल्कलिनिटी ८ डीकेएचवर (हे तिचं माप) धरून ठेवतो. चार दिवस गावाला गेलो तर?

मीठमाप्या
डोसिंग पंप लावा, तो आपोआप डोस देतो. आणि नायट्रेटबद्दल दुकानदार अर्धंच सांगतोय. शिंपला नायट्रेट खातो हे खरं, पण म्हणूनच पाणी अगदी शून्यावर नेलं तर उपाशी राहून फिका पडतो. थोडं नायट्रेट राहू द्यायचं. तो फिल्टर नव्हे, पाहुणा आहे.

पंचवटीकर
दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलताय. कडक प्रवाळ, तसंच मॅक्सिमा आणि स्क्वामोसा हे शिंपले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. बाहेरून आणलेले असतील तर सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे कागद लागतात. आधी कागद, मग कॅल्शियम. (आमच्या घरी तिसऱ्या फक्त ताटात येतात, त्यांना उजेडही लागत नाही.)
शिवाय जात कुठली ते विचारलंत का? क्रोसिया वीतभर राहतो, डेरासा हातभर होतो. पिल्लू दाखवून डेरासा गळ्यात मारला तर चार फुटी टाकी किती दिवस पुरेल?

मीठमाप्या
जातीचा मुद्दा शंभर टक्के. कागदांचाही, माझे आहेत. पण म्हणून "नकोच" हे पटत नाही. टॉर्च एका टोकाला, शिंपला दुसऱ्या टोकाला, जमतं.

गोदाकाठी_खारं_पाणी
टॉर्च हलणार नाही, ती सौ.ची आहे आणि सोफ्यावरून दिसेल अशीच ठेवलीय. राहता राहिले कागद. आत्ताच हॅमरची पावती काढली. त्यावर लिहिलंय: "मासे, रंगीत, १ नग."